उष्टे शब्द

लक्ष्मीपुरीच्या मंडईत दोडके निवडता निवडता मधुवंती साठेला अचानक रडू फुटलं. डोळे पाणावले वगैरे नव्हे, चांगले हुंदके. दोडकेवाल्या मावशींनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा दोडक्यांकडं पाहिलं आणि ‘‘एवढं काय वाईट न्हाईत गं बाई,’’ म्हणत दोन दोडके बदलून दिले.

घरी येईपर्यंत रडू ओसरलं होतं. तिनं राजारामपुरीतल्या शब्दरोपण केंद्राला फोन लावला. तिथल्या डॉक्टर तबस्सुम मुल्लांनी सगळं ऐकून घेतलं.

‘‘रडू यायच्या आधी मनात कुठला शब्द आला होता?’’

‘‘पॉइन्यंट, म्हणजे काळजाला हात घालणारं. एक म्हातारा बायकोची पिशवी धरून उभा होता, त्याला बघून आला.’’

‘‘छान! म्हणजे शब्द रुजला. आणि रडू तुमचं नाही बरं का, शेष आहे तो. तीन-चार आठवड्यांत विरून जातो. तोवर असं काही झालं की स्वतःशी शांतपणे म्हणायचं, हे माझं नव्हे. पुष्कळांना उपयोग होतो त्याचा.’’

मधुवंतीला तर फारच झाला. इतका, की पुढचं सगळं रामायण त्या तीन शब्दांनीच घडवलं म्हटलं तरी चालेल.

आता कुणी विचारेल, कानात बोटभर दुभाषी यंत्र घातलं की काम भागत असताना इंग्रजीचे शब्द डोक्यात रोवून घ्यायची हौस कुणाला? तर ती यंत्रं आली तेव्हा इंग्रजीच्या शिकवण्या खरोखरच धडाधड बंद पडल्या होत्या. कोल्हापूरचा गूळवाला जपानी व्यापाऱ्याशी थेट घासाघीस करू लागला होता. पण ही यंत्रं ऐकलेलं सगळं साठवतात आणि भलत्याच ठिकाणी पोचवतात हे उघडकीला आलं आणि मोठ्या सौद्यांतून त्यांची हकालपट्टी झाली. पाहुणा असो की मालक, गेटवरच यंत्र काढून मोहोरबंद पिशवीत टाकायचं. झालं, तोंडानं इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला पुन्हा भाव आला. त्यातही नुसतं बोलणारा नको, पल्लेदार बोलणारा हवा.

शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मधुवंती निर्यात विभाग सांभाळायची. तिची इंग्रजी चुकत नसे, पण पाहुण्यासमोर जीभ टाळ्याला चिकटायची आणि मोजके चार शब्द घामेजून बाहेर पडायचे. मालक इंगवलेसाहेबांनी एकदा तिच्यादेखत म्हटलं होतं, ‘‘साठेबाईंचं डोकं विलायती आहे, भाषा तेवढी पेठेतली.’’ सगळे हसले, तीही हसली आणि दुसऱ्या दिवशी केंद्रात जाऊन नाव घालून आली.

केंद्रात पहिल्या भेटीत डॉक्टर मुल्लांनी तिला चिंचेचं उदाहरण दिलं होतं. चिंच म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं, दात आंबतात, शाळेच्या फाटकापुढची हातगाडी आठवते. म्हणजे हा एक शब्द मेंदूत एका कप्प्यात बसलेला नसतो. ऐकण्याच्या, चवीच्या, आठवणीच्या अशा कितीतरी भागांतल्या पेशी त्याच्यासाठी एकदम चेततात आणि त्या चेतण्याची एक ठरावीक नक्षी असते. लहानपणापासून वापरलेल्या शब्दांची नक्षी दाट असते. मोठेपणी पाठ केलेल्या शब्दाची विरळ. म्हणून तो परीक्षेत आठवतो आणि माणसासमोर दगा देतो.

शास्त्रज्ञांनी काय केलं, तर ज्यांची इंग्रजी मुरलेली आहे अशा दात्यांच्या डोक्यावर चुंबकीय टोप चढवला आणि ते शब्द वापरत असताना उमटणारी नक्षी टिपून घेतली. मग शिकणाऱ्याच्या डोक्यावर तसाच टोप, कानात तोच शब्द वेगवेगळ्या वाक्यांतून, आणि सूक्ष्म स्पंदनांनी त्याच्या पेशी त्याच नक्षीत पुन्हा पुन्हा चेतवायच्या. एकत्र चेतणाऱ्या पेशींमधले दुवे घट्ट होत जातात. आठवड्याभरात शब्द असा जिभेवर येतो, जणू आईनंच शिकवला. अडचण एकच होती. नक्षीत दात्याची भावनाही विणलेली असायची. आठवण येत नसे, माणूस दिसत नसे. नुसता दुसऱ्याचा हर्ष किंवा दुसऱ्याचा वैताग काही दिवस शब्दामागून यायचा. केंद्रवाले त्याला शेष म्हणत. लोक सरळ ‘उष्टं’ म्हणत.

‘‘म्हंजे जुन्या बाजारातनं कोट आनला की आदीच्या मानसाचा वास मारतोय, तसं,’’ आप्पा म्हणाला होता. ‘‘चार उन्हं दिली की जातोय.’’

आप्पा म्हणजे तिचा बाप, शामराव साठे. नवजीवन ब्रास बँडचा मास्तर. क्लॅरिनेट वाजवायचा. आई मधुवंतीच्या लहानपणीच गेली होती आणि रंकाळ्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत बापलेकच राहत. कुणा गवयाच्या तोंडून रागाचं नाव ऐकून यानं ते लेकीला ठेवलं होतं आणि गल्लीनं त्याची ‘मधू’ करून टाकली होती. घरी ती सगळ्या कोल्हापुरी बायकांसारखी ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणायची. फाउंड्रीच्या गेटातून आत पाऊल टाकलं की तेच ‘आले’ आणि ‘जेवले’ व्हायचं.

गेटाच्या आत आणखीही एक गोष्ट बदलायची. नोकरीच्या पहिल्याच दिवशी इंगवलेसाहेबांनी आपुलकीनं विचारलं होतं, ‘‘साठे म्हणजे पुण्याच्या का हो तुम्ही?’’ साठे पुण्याच्या ब्राह्मणांतही असतात आणि कोल्हापुरातल्या बँडवाल्या मांगवाड्यातही असतात, हे तिला जन्मापासून ठाऊक होतं. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. नुसती हसली. ते हसणं तिला पुढं कितीतरी वर्षं पुरलं.

शेवटचं सत्र संपून अडीचएक महिने झाले आणि स्कॉटलंडहून मिस्टर ड्रमंड आले. जहाजांचे पंप करणारी त्यांची कंपनी होती आणि त्या पंपांचं सगळं ओतकाम फाउंड्रीला मिळायचं घाटत होतं. बोलणी मधुवंतीनं करायची असं ठरलं होतं. पाहुणा आला की फेटा बांधायचा, तुतारी फुंकायची ही आपल्याकडची रीत. तुतारीवाला मिळाला नाही म्हणून ऑफिसातल्या कुणीतरी बँड सांगितला. ती सुपारी आप्पाकडं आली. लेकीच्या कंपनीच्या दारात वाजवायचं म्हणताना आप्पा हरखून गेला आणि घरी त्यानं अवाक्षर काढलं नाही. भाबडा माणूस, त्याला गंमत करायची होती. आयुष्यात पहिल्यांदा तो लेकीची नोकरीची जागा पाहणार होता आणि तेही वाजतगाजत.

गाडी गेटात शिरली, बँड सुरू झाला आणि फेट्याचं तबक हातात घेऊन उभ्या असलेल्या मधुवंतीनं मान वळवून पाहिलं. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, इस्त्रीची पांढरी पँट. तोंडात क्लॅरिनेट असल्यामुळं आप्पाला हसता येत नव्हतं, म्हणून तो भुवया उडवत होता. कशी केली गंमत!

मधुवंतीनं पहिली गोष्ट काय केली, तर ती इंगवलेसाहेबांच्या पाठीमागं अर्धं पाऊल सरकली. भुवया उडायच्या थांबल्या.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण आप्पानं वाजवायला घेतली होती ‘सायबाची चाल’. त्याचा पणजा संस्थानच्या बँडात होता आणि तिथल्या कुणा गोऱ्या मास्तरानं शिकवलेली ही चाल कानोकानी आप्पापर्यंत आली होती. तिचं खरं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं. ड्रमंड गाडीतून उतरले, दोन पावलं चालले, इंगवलेसाहेब तबकातला फेटा त्यांना बांधू लागले आणि ते एकदम थबकले. डोक्यावर अर्धा बांधलेला फेटा तसाच घेऊन हा उंचापुरा म्हातारा सरळ बँडपुढं जाऊन उभा राहिला. चाल संपली तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

‘‘हे आमच्याकडचं आहे,’’ तो इंग्रजीत म्हणाला. ‘‘माझे आजोबा वाजवायचे. त्यांच्यानंतर मी हे कुठंच ऐकलं नाही. विचारा ना यांना, कुठं शिकले?’’

कानातली यंत्रं गेटवरच्या पिशवीत गेली होती. सगळ्यांच्या माना मधुवंतीकडं वळल्या. ती पुढं झाली, आणि ज्या माणसाला जन्मात कधी ‘अहो’ म्हटलं नव्हतं त्याला म्हणाली, ‘‘मास्तर, साहेब विचारतायत, ही चाल तुम्ही कुठं शिकलात?’’

आप्पानं तिच्याकडं नीट पाहिलं. मग त्यानं पणजाचं, संस्थानच्या बँडाचं, आज्याचं सांगितलं. तिनं ते इंग्रजीत सांगितलं. काय सांगितलं म्हणता! शब्द कसे हात जोडून उभे होते. ड्रमंड भारावून ऐकत होते, इंगवलेसाहेब कौतुकानं मान डोलवत होते.

‘‘यांच्यानंतर कोण वाजवणार?’’ ड्रमंडनी विचारलं. ‘‘मुलंबाळं आहेत का यांना?’’

‘‘साहेब विचारतायत,’’ मधुवंती म्हणाली, ‘‘तुम्हाला मुलं आहेत का?’’

मागं ताशेवाला गणपा खाकरला. ती दुपट्यात असल्यापासून तो तिला ओळखत होता. आप्पानं मान न वळवता हात मागं करून त्याला गप्प केलं.

‘‘न्हाई म्हनून सांगा मॅडम,’’ आप्पा म्हणाला. ‘‘मूलबाळ काय न्हाई आमास्नी.’’

दुसऱ्या कुणाची बोबडी वळली असती. पण तिच्या जिभेवर शब्द तयार होता, चांगला मुरलेला, खानदानी. ‘‘रिग्रेटेबली, सर,’’ ती म्हणाली, ‘‘द लिनिअज एंड्स विथ हिम.’’ खेद वाटतो, पण वंश यांच्यापाशीच संपतो, असं.

‘‘किती सुंदर मांडलंत,’’ ड्रमंड हळहळून म्हणाले आणि त्यांनी आप्पाचा हात दोन्ही हातांत धरला.

त्या दिवशीची बोलणी तिनं अशी पेलली, की इंगवलेसाहेबांनी चहाला सगळ्यांसमोर तिला शाबासकी दिली. ती मात्र मनातून काळीठिक्कर पडली होती. लाज वाटणं म्हणजे काय, तर कानाच्या पाळ्या तापतात आणि आपलेच हात आपल्याला नकोसे वाटतात. तिला ते दिवसभर वाटत होतं. चहाचा कप उचलतानाही आपला हात कुणीतरी बघतंय असं तिला वाटलं.

दिवेलागणीला ती घरी आली तर आप्पा लाल कोट ब्रशनं झाडत बसला होता. ‘‘पिठलं केलंय, जेवून घे,’’ म्हणाला. बाकी काही नाही. ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. ती उंबऱ्यातच उभी राहिली आणि मग वाटेत बसमध्ये सापडलेली युक्ती तिनं बाहेर काढली.

‘‘आप्पा, सकाळचं ते माझं नव्हतं. उष्टं होतं. ज्याचे शब्द मला घातलेत त्याला आपल्या माणसांची लाज वाटत असणार. ते माझ्यात आलंय. मला काही कळायच्या आत तोंडातनं गेलं.’’

आप्पाचा हात थांबला. त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती पाहून ती हादरली.

‘‘तसं हाय व्हय!’’ तो म्हणाला. ‘‘आनि मी दिवसभर खुळ्यासारखा... आगं मग सांगायचं न्हाई व्हय आदी! कसल्या मानसाचं डोस्कं घातलंय तुज्यात? कोन मुडदा हाय त्यो, आपल्याच मानसास्नी लाजनारा!’’

मग त्यानं तिला स्वतः ताट वाढून दिलं. त्या अनोळखी दात्याला शिव्या घालत तो पोटभर जेवला. मधुवंती नुसती ताटातलं पिठलं चिवडत बसली. पण तिनं स्वतःची समजूत काढली. खोटं कुठं आहे? तसंच असणार. दोडके घेताना नव्हतं का रडू आलं? हे माझं नव्हे. तिनं ते मनात इतक्यांदा म्हटलं की शेवटी तिला ते पटलं.

लाज मात्र पटवून घ्यायला तयार नव्हती. ती ‘लिनिअज’ शब्दाला तर चिकटलीच, पण बैठकीत, बसमध्ये, आंघोळीला पाणी काढताना, कुठंही यायची. लांबून लग्नाचा बँड ऐकू आला की तिला खिडकी लावून घ्यावीशी वाटे. इकडं आप्पाचा उत्साह वाढत चालला होता. बँडातल्या लोकांनी त्या दिवशी मास्तरच्या पोरीला नावं ठेवली होती, आणि आता हा एकेकाला गाठून सांगत होता, ‘‘पोरगीचं न्हवं ते. यंत्राचं हाय. डाक्टरांनी लिवून दिल्यागत पक्कं हाय.’’ कोपऱ्यावरच्या पानवाल्याला तर त्यानं तिच्यादेखत हात जोडून सांगितलं. ज्याला काही ठाऊकच नव्हतं त्याला आधी सगळी हकिगत सांगायची आणि मग लेक कशी निर्दोष आहे ते पटवायचं. गल्लीभर बभ्रा झाला.

शेवटी ती केंद्रात गेली आणि गेटवरची सगळी हकिगत तिनं डॉक्टरांना सांगितली. शेष हट्टी असेल तर निचरा करून देत असत. ज्या नक्षीत भावना अडकली असेल तिला उलट्या लयीची स्पंदनं देऊन तेवढा दुवा सैल करायचा, शब्द शाबूत ठेवायचा. अर्ध्या तासाचं काम.

डॉक्टर मुल्लांनी तिला टोप घालून बसवलं, शब्द एकेक करून ऐकवले, पडद्यावरच्या आलेखांकडं बराच वेळ पाहिलं आणि टोप काढला.

‘‘शेष नाहीये, मधुवंती. कुठल्याच शब्दात नाही. तुमचे शब्द आता तुमचे झालेत. त्या दिवशी गेटवरसुद्धा नव्हता, अडीच महिन्यांनी कसा राहील?’’

‘‘पण मला अजून होतंय. लाज वाटते, सारखी.’’

‘‘वडिलांना पाहिलंत तेव्हा कुठला शब्द बोलला होतात तुम्ही? किंवा मनात आला होता?’’

मधुवंती आठवू लागली. तबक, लाल कोट, उडणाऱ्या भुवया. अर्धं पाऊल मागं.

‘‘कुठलाच नाही,’’ ती म्हणाली.

‘‘शेष शब्दाला चिकटून येतो. माणसाला बघून येत नाही,’’ डॉक्टर म्हणाल्या. त्या कडक बोलल्या नाहीत, म्हणूनच ते जास्त लागलं. ‘‘तेव्हाची ती लाज तुमची होती. आणि आताची ही, ती लाज वाटल्याची लाज, हीसुद्धा तुमचीच आहे.’’

मधुवंती टोपाचे वळ उमटलेलं कपाळ चोळत राहिली. डॉक्टरांनी आवाज खाली आणून विचारलं, ‘‘ही लाज मंद करून हवी आहे का? यंत्राला आपलं-परकं कळत नाही. केंद्राच्या नियमात बसतं. पुष्कळ जण करून घेतात, सांगत नाहीत एवढंच.’’

खोटं कशाला बोला, तिला हवी होती. खुर्चीत मागं टेकून तिनं डोळेसुद्धा मिटले. अर्ध्या तासात ती मोकळी होऊन बाहेर पडली असती आणि आप्पा जन्मभर त्या नसलेल्या माणसाला शिव्या देत राहिला असता. पानवाल्याला पटवताना त्यानं हात कसे जोडले होते ते तिला आठवलं. तिनं डोळे उघडले.

‘‘आज नको,’’ ती म्हणाली. कधीच नको असं म्हणायची तिची छाती नव्हती.

तिथून ती तडक बँडच्या खोलीवर गेली. दुपार होती. आप्पा क्लॅरिनेटच्या सांध्याचं बूच बदलत होता, गणपा ताशाची वादी आवळत होता. तिला पाहून गणपा गडबडीनं उठला. त्या दिवसापासून तो तिला रस्त्यात टाळत होता. आज मात्र समोर आला.

‘‘मधू, मी तुला मागनं लई वंगाळ बोललो हुतो,’’ तो म्हणाला. ‘‘बापाला इसारली, असं बी बोललो. मास्तरनं सांगितलं सगळं, यंत्राचं. चुकलंच माजं. माफ कर बाई.’’ आणि पन्नाशी उलटलेल्या त्या माणसानं तिला हात जोडले.

आजवरची सगळी लाज एका बाजूला आणि ही एका बाजूला. धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ते उगीच नाही.

‘‘गणपामामा, हात खाली कर,’’ ती म्हणाली. ‘‘तू बोललास ते खरं होतं. यंत्राचं काही नव्हतं. मी आत्ता डॉक्टरकडनंच आलो. आप्पा, मी तुला खोटं सांगितलो. तुला तिथं बघून मलाच लाज वाटली. मलाच. शब्द-बिब्द काही नाही.’’

गणपानं मास्तरकडं पाहिलं, ताशा उचलला आणि बाहेर निघून गेला.

आप्पा काम करत राहिला. बूच बसवलं, वर मेण फिरवलं, सांधा जोडून पाहिला, पुन्हा काढला. ती उभीच होती. तिला वाटत होतं, आता हा म्हणेल, मला ठाऊकच होतं पोरी. म्हणेल, म्हणून तर मी तुला सांभाळून घेतलं. गेले कित्येक दिवस ती या एका गोष्टीच्या आधारावर उभी होती, की आपण कशाही वागलो तरी बापानं साहेबापुढं आपली अब्रू राखली.

‘‘मग माजं बी ऐक,’’ आप्पा म्हणाला. ‘‘मी मूलबाळ न्हाई म्हनून सांगितलं, ते तुला वाटतंय तुज्यासाटी. समदी तसंच म्हनत्यात. मास्तरचं काळीज केवडं मोटं. मी बी हूं म्हनतोय.’’

‘‘आप्पा...’’

‘‘ऐक. तू मला मास्तर म्हनालीस. तुमी म्हनालीस. आनि वर इचारलीस, तुमास्नी मुलं हाईत का. तवा माज्या डोस्क्यात तिडीक गेली. म्हटलं, न्हाई. मेली माजी पोर. तुला वाचवायला न्हवं म्हटलो. खरंच म्हटलो. आनि तू ते इंग्रजीत सांगितलीस त्या सायबाला, तवा मला बरं वाटलं.’’ त्यानं क्लॅरिनेट मांडीवर आडवं ठेवलं. ‘‘घरी येऊन लाज वाटली मला. बापानं असं म्हनावं? तू यंत्राचं बोललीस, मग मी म्हटलं, चला, तिनं न्हाई केलं, तर आपलं बी मिटलं. म्हनून गावभर सांगत हिंडलो. आनि माज्या डोस्क्याला तर कुनी टोप बी लावला न्हवता.’’

मधुवंती खाली फरशीवर बसली. तिला खूप बोलायचं होतं, आणि दोन्ही भाषांतले शब्द तिच्याकडं भरपूर होते. पण बापानं आपल्याला मेली म्हटलं आणि ते आपण स्वतःच्या तोंडानं, सुंदर करून, लोकांना सांगितलं, यावर बोलण्यासारखं काय असणार?

‘‘उद्या सह्या हाईत न्हवं तुमच्यात? सायबानं मुद्दाम बोलवलंय वाजवाय,’’ आप्पा क्लॅरिनेट पुसत म्हणाला. ‘‘परत इचारलं तर मी काय सांगंन, माजं मला ठावं न्हाई.’’

दुसऱ्या दिवशी गेटवर पुन्हा बँड उभा राहिला. इंगवलेसाहेब नव्या जाकिटात होते. ड्रमंड गाडीतून उतरले ते थेट आप्पाकडं गेले आणि त्यांनी हस्तांदोलन केलं. दुभाषी हवा म्हणून त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. मधुवंती कुणी बोलवायच्या आत पुढं झाली. रात्री तिनं मनाशी चांगली चार वाक्यं जुळवली होती, पश्चात्तापाला इंग्रजीत किती सुरेख शब्द आहेत! त्यांतलं एकही तिनं वापरलं नाही.

‘‘मिस्टर ड्रमंड,’’ ती म्हणाली, ‘‘धिस मॅन इज माय फादर. आय लाइड.’’

तिसरीतल्या पोराला येईल एवढी इंग्रजी. इंगवलेसाहेबांना ती बरोबर समजली. त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं नाही, पण तिथंच थिजून राहिलं. मागं ऑफिसातली माणसं एकमेकांकडं बघू लागली. मधुवंतीनं कुणाकडं पाहिलं नाही. कान तापले होते, हात नकोसे झाले होते. तिनं ते लपवले नाहीत.

ड्रमंड गोंधळले. त्यांनी एकदा तिच्याकडं पाहिलं आणि मग आप्पाकडं वळून हळूच विचारलं, ‘‘युवर डॉटर?’’

एवढी इंग्रजी आप्पालाही येत होती. त्यानं घाई केली नाही. क्लॅरिनेट या हातातून त्या हातात घेतलं. लेकीकडं पाहिलं, असं पाहिलं की तिला तिथून पळून जावंसं वाटलं. ती पळाली नाही.

‘‘सायबाला सांग,’’ आप्पा म्हणाला, ‘‘बघू म्हनतोय.’’

तिनं ते इंग्रजीत सांगितलं, जसंच्या तसं.